पायथन शेलमधून तुमचा आवडता एडिटर कसा उघडायचा? आणि तो बंद करताना काय जपायचं?

पायथन शिकताना हा अनुभव बहुतेकांना येतो. टर्मिनल उघडलं, पायथन सुरू केलं आणि प्रॉम्प्टवर थेट फंक्शन लिहायला घेतलं. समजा, महिन्याच्या दुधाचा हिशोब काढणारं फंक्शन आहे. बारा ओळी नीट टाईप केल्या, एंटर मारलं आणि कळलं की तिसऱ्या ओळीत कंस बंद करायचा राहिलाय. आता वरचा बाण दाबत एकेक ओळ परत आणायची, प्रत्येकीला एंटर मारायचं आणि तिसऱ्या ओळीला दुरुस्ती करायची. मध्येच एखादी ओळ चुकली तर पुन्हा पहिल्यापासून.

मग आपण काय करतो? एडिटरमध्ये एक फाईल उघडतो, तिथे कोड लिहितो, कॉपी करतो, शेलमध्ये पेस्ट करतो. पेस्ट करताना कधी इंडेंटेशन बिघडतं, कधी मधली रिकामी ओळ आली की पायथनला वाटतं फंक्शन संपलं. या खिडकीतून त्या खिडकीत उड्या मारण्यातच अर्धा वेळ जातो.

यावर एक जुना, साधा आणि कमी लोकांना माहीत असलेला उपाय आहे: शेललाच सांगायचं की माझा एडिटर उघड, मी त्यात लिहितो आणि लिहून झालं की तो मजकूर तू परत घे. आज तेच बघू. पण फक्त "हे बटण दाबा" एवढ्यावर थांबणार नाही, कारण एडिटर बंद केल्यावर पुढे काय होतं हे माहीत नसेल तर ही सोय महागातही पडू शकते. मला पडली आहे, ते पुढे सांगतो.

एक सूचना आधीच: वाचायला सोपं जावं म्हणून इथे कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. तुम्ही टाईप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायच्या.

पडद्यामागे नेमकं काय होतं?

शेल आणि एडिटर हे दोन वेगळे प्रोग्रॅम आहेत. त्यांना एकमेकांची भाषा येत नाही. त्यांच्यातला निरोप्या म्हणजे एक तात्पुरती फाईल. सगळा व्यवहार चार पायऱ्यांत होतो.

१. शेल एक तात्पुरती फाईल तयार करतो. आधीचा काही मजकूर असेल तर तो त्यात टाकतो.

२. त्या फाईलचं नाव देऊन तुमचा एडिटर सुरू करतो.

३. एडिटर बंद होईपर्यंत शेल गप्प थांबून राहतो.

४. एडिटर बंद झाला की शेल ती फाईल वाचतो आणि तिचं पुढे काय करायचं ते करतो.

एवढंच. यात एडिटरला पायथन कळायची गरज नाही आणि शेललाही एडिटर कोणता आहे याच्याशी देणंघेणं नाही. म्हणूनच नॅनो, विम, ईमॅक्स, व्हीएस कोड, सब्लाईम यांपैकी काहीही चालतं. या चार पायऱ्या लक्षात ठेवा, कारण पुढे येणारी प्रत्येक अडचण यांपैकी कुठल्यातरी एका पायरीवरची आहे.

शेलला कसं कळतं कोणता एडिटर उघडायचा?

यासाठी सिस्टिममध्ये दोन एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल असतात. एकाचं नाव एडिटर, दुसऱ्याचं व्हिज्युअल. दोन्ही नावं पूर्ण मोठ्या अक्षरांत लिहायची.

दोन कशाला, असा प्रश्न पडेल. युनिक्सच्या सुरुवातीच्या काळात पडद्याऐवजी कागदावर छापणारे टेलिटाईप होते. तिथे ईडी नावाचा एडिटर एका वेळी एकेका ओळीवर काम करायचा. पुढे पडदे असलेले टर्मिनल आले आणि १९७६ च्या सुमारास बिल जॉय यांनी बर्कलीला व्हीआय लिहिला. त्यात अख्खं पान डोळ्यांसमोर दिसायचं. म्हणून साध्या टर्मिनलसाठी एक नाव आणि पडद्यावर चालणाऱ्या एडिटरसाठी दुसरं, अशी विभागणी झाली. आज टेलिटाईप गेले, नावं मात्र राहिली. काही प्रोग्रॅम आधी व्हिज्युअल बघतात, काही फक्त एडिटर बघतात. म्हणून सरळ दोन्हींना एकच किंमत द्यावी, म्हणजे डोक्याला ताप नाही.

लिनक्सवर होम फोल्डरमधल्या डॉट बॅशआरसी फाईलच्या शेवटी आणि मॅकवर डॉट झेडएसएचआरसी फाईलच्या शेवटी या दोन ओळी टाका:

एक्सपोर्ट एडिटर="नॅनो"
एक्सपोर्ट व्हिज्युअल="नॅनो"

बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडायची नाही. विंडोजवर कमांड प्रॉम्प्टमध्ये एक्सपोर्टऐवजी सेटएक्स ही कमांड वापरा, आणि बरोबरच्या चिन्हाऐवजी तिथे मोकळी जागा सोडायची. दोन्हीकडे टर्मिनल एकदा बंद करून नव्याने उघडा, नाहीतर बदल लागू होणार नाही.

हे काहीच केलं नाही तर? लिनक्स-मॅकवर बहुतेक वेळा व्हीआय उघडतो आणि नवा माणूस त्यात अडकतो. घाबरू नका. एस्केप दाबा, मग कोलन, क्यू, उद्गारचिन्ह टाईप करून एंटर मारा. सेव्ह न करता बाहेर याल. सेव्ह करून यायचं असेल तर कोलन, डब्ल्यू, क्यू.

व्हीएस कोडवाल्यांची नेहमीची अडचण

तुम्ही वरच्या ओळींत नॅनोच्या जागी व्हीएस कोडची "कोड" ही कमांड टाकली. शेलमधून एडिटर उघडला, छान वाटलं. कोड लिहिला, सेव्ह केला, शेलमध्ये परत आलात आणि काहीच झालं नाही. फंक्शन कुठेच नाही!

इथे तिसरी पायरी निसटली. "कोड" ही कमांड खिडकी उघडते आणि लगेच संपते. शेलला वाटतं एडिटर बंद झाला, म्हणून तो ताबडतोब फाईल वाचतो. त्या क्षणी फाईल रिकामी असते, कारण तुम्ही अजून पहिलं अक्षरही लिहिलेलं नसतं.

उपाय सोपा आहे. कमांडला "थांब" असं सांगायचं:

एक्सपोर्ट एडिटर="कोड --वेट"

वेटच्या आधी दोन आडव्या रेघा आहेत, आणि संपूर्ण किंमत अवतरणचिन्हांत हवी. सब्लाईमसाठी "सबल -डब्ल्यू", तर खिडकीत चालणाऱ्या जीविमसाठी "जीविम -एफ". आता तुम्ही त्या फाईलचा टॅब बंद करेपर्यंत शेल थांबून राहील. इथे नुसतं सेव्ह करून भागत नाही, टॅब बंद करावा लागतो. "शेल हँग झालाय" अशी तक्रार असेल तर बहुतेक वेळा मागे कुठेतरी तो टॅब उघडा राहिलेला असतो.

नॅनो आणि विम टर्मिनलमध्येच चालतात, त्यामुळे त्यांच्या बाबतीत हा प्रश्न येत नाही.

आता मुख्य काम: आयपायथन

पायथनच्या स्वतःच्या साध्या शेलमध्ये बाहेरचा एडिटर उघडायची कमांड नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या ३.१३ आवृत्तीत शेल बराच सुधारला. वरचा बाण दाबला की आता अख्खं फंक्शन एकत्र परत येतं. तरीही तुमचा नेहमीचा एडिटर, त्याचे शॉर्टकट, त्याचं शोधा-बदला हे सगळं तिथे मिळत नाही.

त्यासाठी आयपायथन वापरा. फर्नांडो पेरेझ यांनी २००१ मध्ये, भौतिकशास्त्रात पीएचडी करत असताना हा शेल लिहायला घेतला. ज्युपिटर नोटबुक पुढे याच प्रकल्पातून जन्माला आलं. पिपने इन्स्टॉल करा, टर्मिनलमध्ये आयपायथन लिहून एंटर मारा आणि प्रॉम्प्टवर हे टाईप करा:

%एडिट

टक्क्याचं चिन्ह आणि त्याला चिकटून एडिट. तात्पुरत्या फाईलचं नाव पडद्यावर दिसेल आणि तुमचा एडिटर उघडेल. फाईलच्या नावाला डॉट पीवाय असं शेपूट असतं, त्यामुळे एडिटर कोडला रंगही बरोबर देतो. फंक्शन लिहा, सेव्ह करा, बंद करा. शेल सांगेल की एडिटिंग झालं, आता कोड चालवतोय. लगेच ते फंक्शन प्रॉम्प्टवर वापरता येईल.

हीच कमांड आणखी काय काय करते ते बघा.

%एडिट ४-७ : आधी टाईप केलेल्या चौथ्या ते सातव्या क्रमांकाच्या नोंदी एकत्र एडिटरमध्ये येतात. हा क्रमांक प्रॉम्प्टच्या डावीकडे चौकटी कंसात दिसतो. आकडे अर्थातच इंग्रजी. तुकड्या-तुकड्याने जमवलेल्या कोडचं एक नीट फंक्शन करायला हे फार उपयोगी पडतं.

%एडिट -पी : मागच्या वेळी जे एडिट केलं होतं तेच पुन्हा उघडतं. लिही, चालव, चुकलं, पुन्हा उघड, या चक्रासाठी हे सगळ्यात सोयीचं.

%एडिट -एक्स : एडिटर बंद केल्यावर कोड चालवायचा नाही. हा पर्याय लक्षात ठेवाच.

%एडिट आणि पुढे फाईलचं नाव : तात्पुरत्या फाईलऐवजी तुमच्या नावाची फाईल उघडते, नसेल तर तयार होते. तात्पुरत्या फाईली आयपायथन बंद करताना पुसल्या जातात, त्यामुळे उद्याही लागणारा कोड आधीपासूनच नावाच्या फाईलमध्ये लिहिलेला बरा.

याशिवाय आयपायथनमध्ये एफ २ हे बटण आहे. प्रॉम्प्टवर अर्धवट टाईप केलेला कोड त्याने एडिटरमध्ये जातो. बंद केल्यावर तो प्रॉम्प्टवर परत येतो आणि थांबतो. एकदा नजर टाकून एंटर तुम्ही स्वतः मारायचा. म्हणजे %एडिट परत आल्यावर कोड चालवतो, एफ २ नुसता परत आणतो. एकाच शेलमधल्या दोन सोयी, पण चौथी पायरी वेगळी.

हे सगळं टर्मिनलमधल्या आयपायथनबद्दल आहे. नोटबुकमध्ये सेल हाच एक छोटा एडिटर असतो, तिथे याची फारशी गरज पडत नाही.

एडिटर बंद करणं म्हणजेच एंटर मारणं

आता मला पडलेल्या महागाची गोष्ट. काही वर्षांपूर्वी मी एका संस्थेच्या फीच्या नोंदी सांभाळत होतो. डेटाबेस पोस्टग्रेएसक्यूएलचा आणि त्याचा शेल म्हणजे पीएसक्यूएल. मुदत उलटून गेलेल्या सगळ्या विद्यार्थ्यांच्या खात्यात ५० रुपये विलंब शुल्क वाढवायचं होतं. मी अपडेटची कमांड चालवली, उत्तर आलं: अपडेट २१४. बरोबर.

मग मनात शंका आली, तारखेची अट नीट लिहिली होती ना? पीएसक्यूएलमध्ये बॅकस्लॅश आणि ई टाईप केलं की शेवटची क्वेरी एडिटरमध्ये उघडते. उघडली. अट बघितली, बरोबर होती. एकही अक्षर न बदलता, सेव्हसुद्धा न करता मी बाहेर पडलो. पडद्यावर नवी ओळ आली: अपडेट २१४.

२१४ मुलांच्या खात्यावर ५० ऐवजी १०० रुपये चढले होते, आणि सकाळी १० वाजता सगळ्या पालकांना थकबाकीचे मेसेज जाणार होते. नशीब एवढंच की साधी बेरीज होती. त्याच अटीने ५० वजा करून निभावलं. जुनी किंमत पुसून नवी लिहिणारी कमांड असती, तर बॅकअप शोधत रात्र गेली असती.

चूक माझीच होती. मला वाटलं होतं, एडिटरमधून सेव्ह न करता बाहेर पडणं म्हणजे रद्द करणं. रोजच्या कामात तसंच असतं ना! पण चौथी पायरी आठवा. शेलने फाईल आधीच तयार करून त्यात जुनी क्वेरी लिहून ठेवली होती. मी सेव्ह केलं नाही म्हणून ती फाईल रिकामी झाली नाही, ती होती तशीच राहिली. शेलने ती वाचली, शेवटी अर्धविराम दिसला, चालवली. मी फाईल "बघितली" की "बदलली", हे त्याला कळायचा मार्गच नव्हता.

पुढे २०२१ मध्ये आलेल्या पोस्टग्रेएसक्यूएलच्या १४ व्या आवृत्तीत हे वागणं बदललं. आता अशा वेळी सेव्ह न करता बाहेर पडलात तर क्वेरी चालत नाही. पण कितीतरी सर्व्हरवर आणि लॅपटॉपवर जुन्या आवृत्त्या आजही असतात. शिवाय सगळ्या शेलनी ही सुधारणा केलेली नाही.

कोणता शेल बंद केल्यावर काय करतो?

बॅश: कंट्रोल धरून एक्स, मग कंट्रोल धरून ई. टाईप केलेली कमांड एडिटरमध्ये जाते. बंद केलं की लगेच चालते. न बदलता, सेव्ह न करता बाहेर पडलात तरी मूळ कमांड चालते!

झेडएसएच: मॅकवर २०१९ पासून हाच शेल आधीपासून लावलेला येतो. वरची बटणं इथे आपोआप काम करत नाहीत. एडिट-कमांड-लाईन नावाची सोय सेटिंगच्या फाईलमध्ये चालू करावी लागते. मात्र ती कमांड चालवत नाही, प्रॉम्प्टवर परत आणून ठेवते.

फिश: ऑल्ट धरून ई. हाही कमांड प्रॉम्प्टवर परत आणतो, चालवत नाही.

मायएसक्यूएल: बॅकस्लॅश आणि ई. क्वेरी परत येते आणि अर्धविरामासाठी थांबते. अर्धविराम देऊन एंटर मारलं की चालते.

आयपायथन: %एडिट चालवतो, एफ २ चालवत नाही.

म्हणजे बटणं सारखी, एडिटर तोच, पण शेवटची पायरी प्रत्येकाची निराळी. नवीन शेलमध्ये ही सोय वापरण्याआधी एखादी निरुपद्रवी कमांड घेऊन, म्हणजे नुसती आजची तारीख दाखवणारी, एकदा स्वतः तपासून बघा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

मग सुरक्षितपणे रद्द कसं करायचं?

पहिला उपाय जवळजवळ सगळीकडे चालतो: तात्पुरत्या फाईलमधला सगळा मजकूर पुसा, रिकामी फाईल सेव्ह करा, मग बंद करा. शेलला चालवायला काही उरतच नाही.

दुसरा, विम वापरणाऱ्यांसाठी: कोलन, सी, क्यू, एंटर. यात विम "काम बिघडलं" असा संकेत देऊन बंद होतो. बॅश तो संकेत ओळखतो आणि कमांड चालवत नाही. गिटमध्ये कमिटचा संदेश लिहिताना मन बदललं तर तिथेही हाच उपाय लागू पडतो.

तिसरा, फक्त बघायचं असेल तर एडिटर उघडूच नका. पीएसक्यूएलमध्ये बॅकस्लॅश आणि पी टाईप केलं की शेवटची क्वेरी पडद्यावर नुसती छापली जाते. मला त्या दिवशी एवढंच हवं होतं!

चौथा, डेटाबेसमध्ये काही बदलायचं असेल तर आधी बिगिन लिहून ट्रान्झॅक्शन सुरू करा. उत्तरात आलेला आकडा बघा, पटला तर कमिट, नाहीतर रोलबॅक. हातून चूक होणारच, ती मागे घेण्याची वाट ठेवलेली बरी.

पण एका ठिकाणी पहिला उपाय अजिबात वापरू नका. आयपायथनमध्ये %एडिटपुढे एखाद्या फंक्शनचं नाव दिलं आणि ते फंक्शन एखाद्या फाईलमधून आलेलं असेल, तर तात्पुरती नाही, मूळ फाईल उघडते, अगदी नेमक्या ओळीवर. कोड वाचायला हे झकास आहे. पण ती रिकामी करून सेव्ह केलीत तर तुमचा खरा कोडच गेला. आणि नुसती बंद केलीत तरी ती अख्खी फाईल पुन्हा चालते. तेव्हा अशा वेळी न चुकता -एक्स लावा.

थोडक्यात

एडिटर आणि व्हिज्युअल या दोन्हींना तुमच्या एडिटरचं नाव द्या. खिडकीत उघडणारा एडिटर असेल तर त्याला थांबायला सांगा. दोन-तीन ओळींसाठी प्रॉम्प्टच बरा, त्याहून मोठं काही असेल तर %एडिट किंवा एफ २. आणि एडिटर बंद करण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारा: फाईलमध्ये आत्ता जे आहे ते या क्षणी चाललं तर चालेल का? उत्तर "हो" असेल तरच बंद करा.

आज घरी एवढं करून बघा: आयपायथन उघडा, तीन-चार ओळी टाईप करा, त्या %एडिटने एकत्र उघडा आणि त्यांचं एक फंक्शन बनवा. मग तेच एफ २ ने करा. दोन्हींतला फरक एकदा बोटांत बसला की पुन्हा विसरणार नाही.